उपास करणाऱ्या पोपटाची वाटी

मित्रांनो, मी स्टीलची एक छोटी, जुनी वाटी आहे आणि मला स्वस्थ बसता येत नाही. खोटं वाटतं? माझ्या बहिणी फळीवर पालथ्या पडून दुपारभर झोपा काढतात. मी मात्र पिंजऱ्याच्या तारेला टांगलेली. वारा आला की हलते, पोपटानं पंख झटकले की हलते, शेजारच्यांनी दार आपटलं तरी माझं आपलं टिण्ण टिण्ण सुरू. त्यामुळे माझी गोष्टही थोडी मागेपुढे होत येईल. सांभाळून घ्या.

माझा जन्म भाईंदरचाच. पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत ना, तिथल्या एका गाळ्यात पत्र्याची गोल चकती कापली गेली, मशीनच्या जबड्यात सापडली आणि मी वाटी झाले. मग पॉलिशच्या चाकावर अंग भाजून निघालं. पण शेवटी अशी चकाकी आली की त्यात तोंड बघून घ्यावं. मला वाटलं, आता आपण श्रीखंडाच्या पंगतीत मिरवणार. प्रत्यक्षात वासंती नावाच्या बाईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाट्या लुटल्या आणि त्यातून मी भाईंदर पश्चिमेला मनोरमाबाईंच्या घरी आले.

वाणाच्या वस्तूंचं नशीब तुम्हाला ठाऊकच असेल. ओट्याखालच्या खणात, कुकरच्या जुन्या रिंगा आणि रबरबँड यांच्या सोबतीला माझी रवानगी झाली. खण उघडला की माझा जीव वर यायचा, आता मला उचलतील म्हणून. हात यायचा आणि रबरबँड घेऊन जायचा. रिकाम्या वाटीला किती अस्वस्थ वाटतं, ते भरलेल्या पोटाच्या माणसांना कसं कळणार?

घरात माणसं तीन. मनोरमाबाई, त्यांचे यजमान ईश्वरराव आणि मुलगी रुचिता. मंडळी मूळची खेडकडची, मग परळच्या खोलीत राहिलेली आणि जागा हवी म्हणून भाईंदरला आलेली. ईश्वरराव विमा कंपनीच्या ऑफिसात. रुचिता कॉम्प्युटर शिकून नोकरीला लागली, तो दोन हजार दोन-तीनचा सुमार असेल. पहिल्या पगारातून आईला साडी आणेल, बाबांना घड्याळ आणेल, असं सगळ्यांना वाटत होतं. तिनं पिंजरा आणला.

पिंजऱ्यात पोपट होता, पण अंगानं राखाडी. तोंड पिवळं, गालांवर केशरी टिकल्या आणि डोक्यावर ताठ तुरा. डोंगरीहून भाजीची टोपली घेऊन येणाऱ्या सुगंधा भाजीवालीनं दारातूनच त्याला पाहिलं आणि ती खो खो हसली.

"ह्यो कसला पोपट गो? हिरवा न्हाय, चोच लाल न्हाय. रंग द्यायचा राह्यलाय का काय?"

"कॉकटील म्हणतात त्याला," रुचिता म्हणाली.

"कॉकटेल?" ईश्वररावांनी पेपर खाली घेतला. "या घरात आयुष्यात बाटली आली नाही आणि आता डायरेक्ट कॉकटेल!"

तुरा उभारून, छाती काढून तो दांडीवर असा बसायचा की दुकानाच्या गल्ल्यावरच बसलाय. म्हणून त्याचं नाव पडलं शेठ. पिंजऱ्यासोबत प्लास्टिकचे दोन कप आले होते. शेठनं ते चोचीनं कुरतडून त्यांचा भुगा केला. मग बाईंनी खण उघडला. या वेळी आलेला हात रबरबँडवरून पुढे सरकला आणि त्यानं मला उचललं. ईश्वररावांनी तारेचं कडं वळवून मला पिंजऱ्यात अडकवलं आणि म्हणाले, "वा, ही बरी बसली!" मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक.

शेठ माझ्यावर चोच घासायचा, मला ढकलायचा, कधी कडं उचकटून सरळ खाली पाडायचा. कुकरच्या शिट्टीची नक्कल तर अशी करायचा की बाई फसून गॅस बंद करायच्या आणि भात कचवट राहायचा. मी खूश होते. रिकामं पडून राहण्यापेक्षा आपटून घेतलेलं पुष्कळ बरं.

पुढे रुचिताचं लग्न झालं आणि ती बंगळूरला गेली. निघताना रडली ती पिंजऱ्यापाशीच. "आई, शेठला सांभाळ गं. त्याला एकटं वाटू देऊ नकोस," एवढंच म्हणाली. ईश्वरराव सकाळी ऑफिसला गेले की घरात राहायच्या मनोरमाबाई, शेठ आणि मी. बाईंनी एकटं वाटू न देण्याचं काम इतकं मनावर घेतलं की दुपारी स्वतःचं ताट घेऊन त्या पिंजऱ्यासमोर पाटावर बसू लागल्या. त्या घास घ्यायच्या, शेठ घास घ्यायचा. त्यांच्या ताटातलं थोडं माझ्यात पडायचं. चहाच्या वेळी चहात बुडवलेलं बिस्किट, संध्याकाळी फरसाण. बाकी वेळ सूर्यफुलाच्या बिया होत्याच.

आणि मग आला पहिला सोमवार.

बाईंना उपासाची फार आवड. आवड कसली, ते त्यांच्या श्वासासारखं होतं. सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र आणि श्रावण तर अख्खा. लहानपणी आईबरोबर धरलेले उपास त्यांनी कधी चुकवले नव्हते. त्या सोमवारी साबुदाण्याच्या खिचडीचं ताट घेऊन त्या पिंजऱ्यासमोर बसल्या, माझ्यातल्या भाकरीच्या तुकड्यांकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्या थबकल्या.

"मी उपाशी आणि तू धान्य खाणार? बरं दिसतं का ते?" त्या शेठला म्हणाल्या. त्यांनी मला काढलं, विसळलं आणि माझ्यात खिचडी, खारे शेंगदाणे आणि बटाट्याची तळलेली सल्ली घातली. "आजपासून तुझाही उपास. उपासाचं हलकं असतं, पचेल तुला."

हलकं! मित्रांनो, ते हलकं अन्न माझ्यात पडलं की तारेचं कडं वाकायचं. घासल्यावरही माझ्या बुडाला तुपाचा ओशट थर राहायचा. मला तो शब्द ऐकवेना. पण शेठला चव लागली. खिचडीतले शेंगदाणे वेचून, साबुदाण्याचा चिकट गोळा चोचीत धरून तो असा डोलायचा की बाईंचं मन भरून यायचं. शेजारणींना त्या कौतुकानं सांगायच्या, "आमचा शेठ उपास करतो हं, चुकवत नाही!" शेजारणी बघायला यायच्या. कुणी राजगिऱ्याचा लाडू आणायचं, कुणी केळ्याचे वेफर. सगळं माझ्यातच.

शेठ गोल झाला. मग जड झाला. वरच्या दांडीवर चढताना धापा टाकू लागला. पिसांची चमक गेली, चोच वाढून वाकडी झाली. कुकरची शिट्टी बंद पडली आणि घरात भात नीट शिजू लागला, तेव्हा पहिल्यांदा ईश्वररावांच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय.

रविवारी रुचिताचा फोन यायचा. "आई, शेठ काय म्हणतोय?"

"मजेत आहे. तुझी आठवण काढतो," बाई म्हणायच्या आणि फोन ठेवून पदरानं डोळे पुसायच्या. लेकीनं सोपवलेला जीव आपल्या डोळ्यांदेखत ढासळतोय, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? माझी तारेवर नुसती तगमग चालायची. त्यांचा हात माझ्याकडे आला की मी खणखणायचे, पण वाटीचं कोण ऐकतं!

शेवटी बाईंनी त्यांना ठाऊक असलेला सगळ्यात मोठा उपाय केला. शेठला बरं वाटावं म्हणून त्यांनी सोळा सोमवार धरले. आणि ज्याच्यासाठी धरले त्यालाही सोबत घेतलं. म्हणजे जो बरा व्हायचा, त्याच्याच पोटात सोमवारी आणखी दोन चमचे तूप. मला हसावं की आपटून घ्यावं ते समजेना.

एका शनिवारी ईश्वररावांनी काही न विचारता रिक्षा आणली. बाई पिंजरा मांडीवर घेऊन बसल्या, वरून जुनी ओढणी टाकलेली. आत मी सारखी हिंदकळत होते.

"क्या है आंटी, मुर्गी?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"मुर्गी नहीं हो, तोता है. बीमार है."

त्यानं सिग्नलला मागे वळून ओढणीखाली डोकावून पाहिलं. "ये तोता है?" मग शेठचे मिटलेले डोळे त्याला दिसले असावेत, कारण पुढे मीरा रोडपर्यंत त्यानं एकही खड्डा घेतला नाही.

नया नगरच्या अलीकडे तळमजल्यावर डॉक्टर निहार यांचा प्राण्यांचा दवाखाना होता. तरुण डॉक्टर. त्यांनी शेठला रुमालात धरून उलटं केलं, पोट पाहिलं, छातीवर बोट फिरवलं.

"काय खायला देता?"

"सगळं देते," बाई म्हणाल्या. "आम्ही खातो ते. उपासाच्या दिवशी मात्र उपासाचं."

"म्हणजे तुमचा उपास असला की घरात जे बनतं ते?"

"नाही, त्याचाही असतो ना."

"कोणाचा?"

"शेठचा. सोमवार, चतुर्थी, एकादशी. आता सोळा सोमवार धरलेत आम्ही दोघांनी."

डॉक्टरांनी ईश्वररावांकडे पाहिलं. ईश्वरराव पंख्याकडे पाहू लागले.

"आंटी," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "इथे बोट लावा. छातीचं हाड लागलं पाहिजे हाताला. लागतंय? नुसती चरबी आहे. आत लिव्हरवरसुद्धा असणार. मुठीत मावतो हा जीव, त्याला तूप, तळलेलं, मीठ कसं झेपेल?"

"पण उपासाचं हलकं असतं हो."

"याच्यासाठी सगळ्यात जड तेच आहे."

मला वाटलं होतं, कुणीतरी हे बोललं की मला बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही. बाई आपल्या बोटाकडे बघत राहिल्या आणि माझं मन त्यांच्यासाठी तुटलं. त्यांनी त्याला मारायला थोडंच भरवलं होतं? त्यांना जे सगळ्यात चांगलं वाटलं, तेच तर दिलं होतं.

डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. ताजं द्या. मूग भिजवून मोड आणा. पालक, मेथी, लाल माठ, शेवग्याचा पाला स्वच्छ धुवा, पाणी निथळू द्या आणि अगदी बारीक चिरा. गाजर किसा. मक्याचे दाणे, रताळं, भोपळा उकडून द्या, पण मीठ नको, फोडणी नको. बिया एकदम तोडू नका, पण कमी करत न्या. सफरचंद दिलंत तर त्यातल्या बिया काढून. चॉकलेट, चहा चुकूनही नाही. तुमच्या तोंडातला घास तर नाहीच नाही. आणि ताजं अन्न पिंजऱ्यात फार वेळ ठेवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत ते लगेच आंबतं. वाटी रोज गरम पाण्यानं घासा.

वाटी रोज गरम पाण्यानं! ते ऐकून भीतीतही मी थोडी सुखावले.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराचा नूर पालटला. सुगंधाच्या टोपलीतून लाल माठ आला, कोवळी मेथी आली. बाई विळीवर बसून पाला असा बारीक चिरायच्या की मुंगीलाही घास जड जाऊ नये. मुगाला कापडात बांधून मोड आणायच्या. गाजराचा कीस, मक्याचे चार दाणे, वर कोथिंबिरीची काडी. हिरवं, केशरी, पिवळं असं सगळं माझ्यात भरलं की मी स्वतःलाच ओळखायचे नाही. श्रीखंडाचं स्वप्न मी त्या दिवशी सोडून दिलं.

पण शेठ? त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, तुरा पाडला आणि तोंड फिरवलं. दुसऱ्यांदा चोचीनं गाजर उचललं ते बाहेर फेकायला. पिंजऱ्याखालच्या लादीवर भाजीबाजार भरला. मी भरलेली जायचे आणि भरलेलीच परत यायचे. बियांवरूनही त्याचं मन उडालं होतं. त्याला हवा होता तुपातला साबुदाणा.

त्यात सोमवार उजाडला. बाईंनी मला धुतलं, पुसलं आणि हातात घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या.

"अहो, आज मूग कसे देऊ? त्याचे सोळा सोमवार चाललेत."

ईश्वरराव बुटाची नाडी बांधत होते. "मनू, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. पण मध्येच टाकला आणि त्याला काही झालं तर? देव म्हणाला, बोललीस आणि पाळलं नाहीस, तर? त्याच्या नावानं बोललेय मी."

त्या दिवशी माझ्यात पडलं उकडलेलं रताळं. मिठाशिवाय, तुपाशिवाय. उपासही राहिला आणि डॉक्टरही, असा त्यांचा हिशोब. शेठनं त्याला चोचसुद्धा लावली नाही. दिवसभर तो पिसं फुगवून बसून राहिला. ईश्वरराव संध्याकाळी आले, रताळ्यावर घोंगावणारी माशी त्यांनी हाकलली आणि ते पिंजऱ्यापाशी बसले. नेहमी थट्टा करणारे ईश्वरराव त्या वेळी थट्टा करत नव्हते.

"व्रत अर्धवट टाकायचं नाही ना? मग टाकू नकोस. त्याच्या वाटणीचं उद्यापन कर."

"सोळा व्हायच्या आत?"

"तो पक्षी आहे. त्याचं आयुष्य केवढं, त्याचे सोळा ते केवढे? झाले असतील त्याचे. देवाला हे कळत नसेल तर मग कुणाला कळणार?"

बाईंनी रताळं काढून टाकलं आणि मला विसळलं. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून त्यांनी पिंजऱ्याखाली रांगोळी काढली. निरांजन लावलं. माझ्या कडेला हळदीकुंकवाचं बोट लावलं. नैवेद्य म्हणून माझ्यात मोड आलेले मूग, लाल माठ आणि किसलेलं गाजर ठेवलं आणि पिंजऱ्यासमोर हात जोडले. "याचं व्रत पूर्ण झालं, देवा. आता याला पोटभर जेवू दे. माझं मी चालू ठेवते." भाईंदरातच काय, कुठेही पोपटाचं उद्यापन झाल्याचं मी ऐकलेलं नाही. मला मोठा मान वाटला. आता शेठ खाणार, अशी माझी खात्रीच झाली.

त्यानं खाल्लं नाही. त्या दिवशी नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी नाही. मूठभर बियांवर तो कसाबसा तगून राहिला आणि मग त्याही टाकू लागला. आठवडा संपता संपता तो दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी उतरला. पक्षी तळाशी बसला की समजावं, त्याच्यात वर राहण्याची ताकद नाही. ईश्वररावांनी फोन केला तेव्हा डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत काही खाल्लं नाही तर नळीनं भरवावं लागेल, आणि तेही त्याला झेपेल असं सांगवत नाही.

मित्रांनो, आता मला जे ठाऊक होतं ते सांगते. मला कारण कळलं होतं! रोज त्याच्या चोचीसमोर लटकणारी मी, मला नाही कळणार तर कुणाला? शेठला वाटत होतं की माझ्यातलं ते हिरवं-केशरी म्हणजे अन्नच नव्हे. लहानपणापासून त्याला अन्न म्हणजे काय ते बाईंनी शिकवलं होतं. बाई ज्याचा घास घेतात ते अन्न. भाकरी त्या खायच्या, म्हणून भाकरी अन्न. खिचडी त्या खायच्या, म्हणून खिचडी अन्न. कच्चा लाल माठ त्यांना त्यानं कधी खाताना पाहिलं होतं? पाला माझ्यात टाकून त्या ओट्याकडे निघून जायच्या, आणि काळजीनं हल्ली पाटावर बसून जेवतही नव्हत्या. मी टिण्ण करायचे. आणखी जोरात टिण्ण करायचे. बाई म्हणायच्या, "हे कडं सैल झालंय वाटतं," आणि तार आवळून जायच्या. असा जीव जळायचा माझा!

पुढचा सोमवार आला. ईश्वरराव ऑफिसला जाताना सांगून गेले, दुपारी लवकर येतो, मग रिक्षा करून दवाखान्यात जाऊ. बाईंनी सकाळपासून पाणीसुद्धा धड घेतलं नव्हतं. दुपारी चक्कर येईल असं वाटलं, तेव्हा त्यांनी थोडी खिचडी ताटात घेतली आणि शेठला एकटं सोडवेना म्हणून ताट घेऊन पिंजऱ्यासमोर पाटावर येऊन बसल्या. पुष्कळ दिवसांनी.

त्यांनी घास उचलला. तळाशी फुगून बसलेल्या शेठनं डोळे उघडले.

"नाही हं राजा, हे तुला नाही देणार आता," त्या म्हणाल्या आणि घास तोंडाजवळ नेला. शेठची मान वर झाली. त्यांनी हात खाली घेतला, त्याची मान खाली आली. त्यांनी पुन्हा हात वर नेला. त्याची मान पुन्हा वर.

बाई थांबल्या. हातातला घास ताटात ठेवला.

"तू माझ्या हाताकडे बघतोयस होय रे?" त्या पुटपुटल्या. "मी खाईन तेच तुला खायचंय?"

मी जिवाच्या आकांतानं टिण्ण केलं.

बाई उठल्या. ओट्यावरचं मुगाचं भांडं घेऊन आल्या. माझ्यात ताजे मूग घातले, मला तळाशी शेठच्या समोर ठेवलं आणि उरलेलं भांडं स्वतःच्या मांडीवर घेतलं. चिमूटभर मूग उचलले. आणि हात अर्ध्यावर थबकला.

सोमवार होता. मूग म्हणजे कडधान्य. तापानं फणफणल्या असताना, रुचिता पोटात असताना, सासरे गेले त्या आठवड्यातसुद्धा या बाईंचा सोमवार चुकला नव्हता. आणि हे तर बोललेले सोळा सोमवार, ते अजून पुरे व्हायचे होते. त्या हातातल्या मुगांकडे बघत होत्या, मग कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याकडे, मग शेठकडे. शेठ त्यांच्या हाताकडे बघत होता. पिंजऱ्यात आल्यापासून पहिल्यांदाच मी हलत नव्हते.

"महादेवा, तूच बघ आता," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मूग तोंडात टाकले.

त्याला दिसावेत म्हणून त्यांनी ते हळूहळू चावले. कुरुम कुरुम आवाज केला. "अगाई, काय कचवट लागतात!" म्हणाल्या आणि दुसरी चिमूट घेतली. मग तिसरी. मग लाल माठाचं पान, तसंच कच्चं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड मात्र बैलासारखं चालू होतं.

शेठ एक पाऊल सरकला. आणखी एक. माझ्या कडेवर त्यानं पाय ठेवला. एक मूग उचलला, जिभेवर घोळवला, साल काढून टाकली आणि आतली डाळ गिळली. मग त्यानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी घाईघाईनं आणखी एक चिमूट तोंडात टाकली. त्यानं दुसरा मूग उचलला.

तो सगळं खाईपर्यंत मी हूं की चूं केलं नाही. हलले असते तर तो बिचकला असता.

पुढचं भराभर सांगते, कारण ते सगळं चांगलंच आहे. नळी लावायची वेळच आली नाही. शेठ आधी मूग शिकला, मग मका, मग गाजर. मेथी शिकायला त्यानं बाईंना फार मेथी खायला लावली. काही महिन्यांनी छातीचं हाड डॉक्टरांच्या बोटाला लागलं. रुचिताला बाईंनी फोनवर सगळं खरं सांगितलं, पोरगी आधी रडली आणि मग उद्यापनाच्या गोष्टीवर हसत सुटली. बाई अजूनही उपास करतात, पण ते एकट्यानं, आणि पिंजऱ्यासमोर बसून गाजर चावतात.

मित्रांनो, तुमच्या घरी पाखरू असेल तर माझं एवढं ऐका. आपल्याला जे आवडतं ते त्याला देणं म्हणजे माया, असं समजू नका. त्याचं पोट केवढं, त्याला काय मानवतं, हे जाणकाराला विचारा. ताजं द्या, धुऊन द्या, बारीक करून द्या, शिळं होण्याआधी काढून घ्या. आणि माझ्यासारखी एखादी वाटी असेल तर तिला रोज घासा. एवढं करूनही त्यानं तोंड फिरवलं तर रागावू नका, निघून जाऊ नका. त्याच्यासमोर बसा आणि त्यातलं थोडं आधी तुम्ही खा.

पण थांबा, त्या सोमवारची दुपार सांगून संपलीच नाही. ईश्वरराव ठरल्याप्रमाणे लवकर आले. रिक्षा खाली उभी होती. घाईनं आत येतात तो काय, ताटातली खिचडी वाळून गेलेली, शेठ खालच्या दांडीवर बसून पिसं साफ करतोय, आणि बाई मांडीवर मुगाचं रिकामं भांडं घेऊन बसलेल्या, ओठाला हिरवी साल चिकटलेली. ते बघतच राहिले. मग अगदी हलक्या आवाजात, त्यांना दुखू नये अशा बेतानं त्यांनी विचारलं,

"मनू, आज सोमवार ना गं? उपास मोडलास?"

बाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"मोडला नाही हो," त्या म्हणाल्या. "सोडला."

ईश्वररावांनी खिडकीतून हात करून रिक्षा परत पाठवली. बाईंनी मला गरम पाण्यानं घासून पुसून ठेवलं आणि पुन्हा मूग भिजत घातले, तिघांना पुरतील एवढे.